फोटोग्राफीच्या इतिहासावर माहितीपट करताय? जुने फोटो असे टिपा

इतर माहितीपटांत जुना फोटो पुरावा म्हणून येतो आणि जातो. इथे मात्र तोच मुख्य पात्र असतो. स्कॅन केला, काळा-पांढरा केला, कडा छाटून पडदाभर लावला, की तो कागद होता, काच होती की धातूचा पत्रा, हेच प्रेक्षकाला कळत नाही. म्हणून आधी फोटो कोणत्या प्रक्रियेचा आहे ते ओळखा. प्रकाश कुठून द्यायचा, हे त्यावरच ठरतं.

सगळ्यात जास्त छळतो तो डॅगेरोटाइप. १८३९ साली जाहीर झालेली ही पद्धत म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, अगदी आरशासारखा. समोरून कॅमेरा लावला तर त्यात तुमची लेन्सच दिसणार. काळ्या मखमली कापडाला लेन्सच्या मापाचं भोक पाडा आणि ते कॅमेऱ्यापुढे ताणून बांधा. दिवा एकच, बाजूनं. पत्र्यात काळोखाचं प्रतिबिंब पडलं की सावल्या काळ्या होतात आणि चेहरा उजळतो. पांढऱ्या भिंतीचं प्रतिबिंब पडलं तर तेच चित्र निगेटिव्हसारखं दिसतं. हा पालट मुद्दाम टिपा: रेकॉर्डिंग चालू ठेवून पत्रा अगदी सावकाश २०-३० अंश तिरका करा. निवेदनाची चार वाक्यं कमी लागतात. पत्र्यावरची काच मात्र उघडू नका आणि पत्रा पुसू तर अजिबात नका. प्रतिमा पृष्ठभागावरच्या बारीक कणांची असते, कापडाच्या एका फटक्यात जाते.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये (पातळ लोखंडी पत्र्यावरचा फोटो) सहसा डावं-उजवं उलटं असतं. अमेरिकेतला कुख्यात बंदूकबाज बिली द किडच्या टिनटाइपमुळे तो डावखुरा होता असा समज कितीतरी वर्षं टिकला. फोटोतल्या विंचेस्टर बंदुकीची गोळ्या भरायची खाच चुकीच्या बाजूला आहे, हे पाहिलं की उलगडा होतो. पाटीवरची अक्षरं, कोटाची बटणं तपासा. वस्तू म्हणून दाखवताना फोटो आहे तसाच ठेवा, माणसाबद्दल बोलताना सुलटा करा, आणि केलात तर निवेदनात सांगा.

काचेची निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवताना मॅट, म्हणजे इमल्शनची (चित्र धरणाऱ्या थराची) बाजू खाली हवी, तरच वरून चित्र सुलटं दिसतं. पण ती टेबलाला टेकता कामा नये. कडांखाली जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या. हातात नायट्राइलचे मोजे घाला, सुती मोज्यांतून काच निसटते.

कागदी प्रिंटसाठी कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड), दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर दिवे, अ‍ॅपर्चर एफ/८. कॅमेरा समांतर आहे का हे बघायला प्रिंटच्या जागी छोटा आरसा ठेवा: लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर यायला हवं. चकाकी येत असेल तर दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावा आणि लेन्सवरचा त्यांच्याशी काटकोनात फिरवा. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) ठेवा, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंटचा (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो) तपकिरी आणि सायनोटाइपचा (लोहक्षारांनी बनवलेला फोटो) निळा रंग खरा राहतो. वरून नकली सेपिया चढवणं हा या विषयाचा अपमानच.

आता पिक्सेलचा हिशोब. छोट्या कार्ट-द-व्हिझित (व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो) प्रिंटची रुंदी साधारण ५.४ सेंमी. ती ३८४० पिक्सेलच्या पडद्यावर काठोकाठ हवी तर सुमारे १८०० डीपीआयचं (इंचाला इतके ठिपके) स्कॅन लागतं. अर्धीच रुंदी पडदाभर हवी तर ३६००. त्याहून जवळ जायचं असेल तर मॅक्रो लेन्सनं चेहरा वेगळाच टिपा. स्कॅन ताणत बसलात तर चेहऱ्याचा लगदा होतो.

सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीला ८ सेकंदांचा शॉट म्हणजे २०० फ्रेम. सुरुवातीला आणि शेवटी २५-२५ फ्रेम स्थिर ठेवा, मधे हालचाल. झूम १०० वरून ३०० टक्क्यांवर सरळ रेषेत नेला तर आधी धावतो आणि शेवटी रेंगाळतो. स्केल एक्स्पोनेन्शियल ठेवा, म्हणजे दर फ्रेमला आकार सारख्याच पटीनं वाढू द्या. विटांच्या रांगा किंवा छापील फोटोचे ठिपके लुकलुकत असतील तर अर्धा ते एक पिक्सेल ब्लर पुरतो.

कॅमेरा हलवायला कारण हवं. १८३८ च्या ‘बुलेव्हार द्यु ताँप्ल’ या डॅगेरोटाइपमध्ये पॅरिसचा वर्दळीचा रस्ता ओस दिसतो, कारण लांबलचक एक्स्पोजरमध्ये चालती माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. इथे पूर्ण फ्रेम ६-७ सेकंद तशीच धरा, रस्ता रिकामा वाटू द्या, मगच त्याच्याकडे जा.

आणि ध्वनी संकलनात १८५० च्या दशकातल्या पोर्ट्रेटवर शटरचा ‘खट्’ टाकू नका. तेव्हा लेन्सची टोपी काढायचे, सेकंद मोजायचे आणि टोपी परत बसवायचे.