टीशर्टचं कापड घरी शिवताय? या चुका टाळा

भाच्याला पहिला टीशर्ट शिवला तेव्हा गळा त्याच्या कानांपाशी अडकला, मी म्हटलं थोडं ओढूया, तर टक्क टक्क आवाज करत अख्खी शिवण सुटली. कापड ठणठणीत, दोरा मात्र चार ठिकाणी तुटलेला. साधी सरळ टीप मारली होती ना! हे होजिअरीचं कापड म्हणजे स्वेटरच असतो हो, फक्त बारीक, एका फाशात दुसरा फास अडकवलेला, त्यामुळे लायक्रा नसला तरी ते ताणलं जातं आणि सरळ टीप काही त्याच्याबरोबर ताणली जात नाही. झिगझॅग असेल तर अगदी अरुंद ठेवा, रुंदी अर्धा ते एक मिमी, लांबी अडीच, आणि दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, कॉटनचा पटकन तुटतो. आईच्या काळ्या मशीनवर झिगझॅग नाही, तिथे मी शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धरते, घरात घालायच्या कपड्यांना चालून जातं.

पण शिवण शाबूत आहे आणि धुतल्यावर टिपेच्या कडेला बारीक बारीक भोकं दिसतायत, तर दोष सुईचा. टोकदार सुई फासाचा धागाच तोडते आणि मग तिथून शिडीसारखं उसवत जातं. दुकानात बॉलपॉइंट म्हणजे होजिअरीची सुई मागा, टीशर्टला 11 नंबर पुरतो, जुनी सुई सोबत न्या कारण सगळ्या मशीनला एकच सुई बसत नाही. मशीन मधेच टाका सोडत असेल तरी आधी सुईच बदला, टेन्शनच्या (दोऱ्याच्या ताणाच्या) स्क्रूला हात नंतर लावा (मी उलटं केलं होतं, पूर्ण दुपार गेली).

कापायच्या आधीच्या चुका वेगळ्या. कॉटन होजिअरी न धुता कापू नका, आटते, आणि जास्त करून उंचीला. धुतलं की आडवं पसरून वाळवा, दोरीवर लटकवलं तर ओल्या वजनाने ताणतं. बेतताना कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका. कुठल्या बाजूला जास्त ताणलं जातं ते बघा, 10 सेमीची घडी पट्टीवर ओढा, 13 पर्यंत गेली तर 30 टक्के ताण, ही बाजू अंगाभोवती आडवी यायला हवी. सुलट बाजू कळत नसेल तर आडवी कापलेली कड ओढा, साध्या सिंकरमध्ये, म्हणजे एकेरी विणीच्या होजिअरीत, ती सुलट बाजूकडे गुंडाळते. इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचं कापड, असं गुंडाळत नाही, म्हणून पहिल्यांदा शिवणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं मत.

होजिअरी बऱ्याचदा किलोवर मिळते आणि तिथे अंदाज चुकतो. 180 जीएसएमचं (एका चौरस मीटरचं वजन 180 ग्रॅम) कापड, पन्हा 180 सेमी, तर एक मीटर भरतो 324 ग्रॅम, म्हणजे किलोत जेमतेम तीन मीटर.

आता गळा, सगळ्यात जास्त टीशर्ट इथेच बिघडतात. रिबची (उभ्या रेघांच्या लवचिक विणीची) पट्टी गळ्याच्या मापाएवढी कापली की गळा लोंबतो. साधारण 85 टक्के ठेवा, गळा 40 सेमी असेल तर पट्टी 34 आणि वर शिलाईचा मार्जिन. पट्टीचे चार आणि गळ्याचे चार भाग करून टाचण्या लावा, मग शिवताना फक्त पट्टी ओढायची, अंगाचं कापड अजिबात नाही, ते ओढलंत की गळ्याला झालर लागल्यासारखी दिसते.

खालची दुमड लाटांसारखी होत असेल तर मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटचा, दाब कमी करा, सोय नसेल तर खाली टिश्यू पेपर घालून शिवा आणि नंतर फाडून टाका. खांदेही ओघळतात, तिथे शिवणीत पातळ कॉटनची पट्टी घाला. शेवटी इस्त्री: घासायची नाही, ठेवायची, वाफ द्यायची, उचलायची. थोड्याफार लाटा त्यानेच बसतात, आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका, गरम असताना उचललं की पुन्हा ताणतं.