पॅडल : वर आलेला प्रत्येक चेंडू स्मॅशसाठी नसतो

पॅडल म्हणजे काचेच्या भिंती असलेल्या कोर्टवर जोडीने खेळायचा रॅकेटचा खेळ. बॅडमिंटन किंवा टेनिस खेळून पॅडलकडे वळलेल्या माणसाचा हात लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) दिसला की आपसूक स्मॅशसाठी उठतो. पण इथे समोरच्यांच्या पाठीशी काच आहे. कोर्ट जेमतेम २० मीटर लांब. मागून सपाट, जोरात मारलेला चेंडू टप्पा घेतो, काचेवर आपटतो आणि छातीच्या उंचीवर मधोमध येऊन थांबतो. समोरच्याला याहून सोपा चेंडू मिळत नाही.

‘एवढा जोर लावूनही पॉइंट का जातो?’ असं वाटत असेल तर आधी आपण कुठे उभे होतो ते आठवा. स्मॅश नेटजवळचा फटका आहे. चेंडू टप्प्यानंतर बाजूची ३ मीटरची किंवा मागची ४ मीटरची भिंत ओलांडून बाहेर जाणार असेल, नाहीतर काचेवरून उसळून तुमच्याच बाजूला परत येणार असेल, तरच मारा. सर्व्हिस लाइनच्या आसपास असाल तर बांदेहा, म्हणजे डोक्याच्या उंचीवरून आवरून, कापून मारलेला फटका. त्यात पॉइंट संपवायचा नसतो, नेट राखायचं असतं. कापून मारलेला चेंडू कोपऱ्याकडे खोल जातो, काचेनंतर खालीच राहतो आणि तुम्हाला पुढे यायला वेळ मिळतो. नवख्यांना हा फटका भित्रा वाटतो. माझ्या मते पॅडलमध्ये पैसे वसूल करणारा फटका हाच.

बांदेहा नेटमध्ये जातो किंवा हवेत तरंगतो, ही पुढची तक्रार. बहुतेक वेळा चेंडू डोक्यामागे गेल्यावर रॅकेट लागलेली असते. लॉब उडताच अंग बाजूला वळवून उभे राहा, रॅकेट वर न्या, मोकळा हात चेंडूकडे धरा आणि फटका शरीराच्या पुढे घ्या. पाठ न वळवता उलट्या पावलांनी मागे पळणं तर सोडाच. तोल जातो आणि पडायचीही भीती.

व्हिबोराचा, म्हणजे बांदेहाच्याच जास्त आक्रमक भावाचा, मोह सगळ्यांनाच होतो. त्यात बाजूची फिरकी आणि वेग दोन्ही लागतात, म्हणून पाय वेळेवर पोचले असतील तेव्हाच. धडपडत मारलेल्या व्हिबोरापेक्षा साधा बांदेहा बरा.

चेंडू खरंच डोक्यावरून गेला असेल तर उडी मारून ओढू नका. जाऊ द्या, काचेवरून परत येऊ द्या आणि उलट लॉब टाका. जोडीदाराला ‘मागे’ म्हणून ओरडून सांगा, नाहीतर तो एकटाच नेटवर उभा राहतो.

हवाही बघा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी चेंडू चांगला उसळतो, स्मॅश बाहेर जाण्याची शक्यता वाढते. मुंबईत पावसाळ्याच्या दमट संध्याकाळी तोच चेंडू जड होतो आणि ओल्या काचेवरून घसरून खाली पडतो. अशा दिवशी भिंतीबाहेर मारायचा नाद सोडा, कापलेले फटके वाढवा.