झूम आणि फोकस: दोन रिंगा, दोन वेगळी कामं

"फोटो धूसर दिसतोय, जरा झूम करू का?" मी फोटोग्राफी शिकवतो, तिथे हा प्रश्न हमखास येतो. झूमने धूसरपणा जात नाही, उलट तोच मोठा होऊन दिसतो.

हे हातानेच करून बघा. लेन्सवरचं बटण एएफवरून (कॅमेरा आपोआप फोकस करतो) एमएफवर (फोकस आपण हाताने करतो) सरकवा. कॅमेरा टेबलावर ठेवा, समोर हातभर अंतरावर एक पुस्तक उभं करा आणि मागे दूरवर खिडकी असू द्या. आता फोकसची रिंग अगदी सावकाश फिरवा. आधी पुस्तकावरची अक्षरं ठसठशीत होतील, मग ती विरघळतील आणि खिडकीचे गज उमटू लागतील. चौकट मात्र जवळपास तेवढीच राहते. स्पष्ट कुठल्या अंतरावरचं दिसावं, एवढंच फोकस ठरवतो.

आता १८, ३५, ५५ असे आकडे असलेली रिंग फिरवा. ही झूमची. १८ मिमीवर भिंत, खिडकी, टेबल सगळं मावतं. ५५ वर पुस्तकच चौकट व्यापतं. ५० मिमीच्या प्राइम, म्हणजे एकाच आकड्याच्या, लेन्सला झूम नसतोच, फोकस मात्र करावाच लागतो.

क्रम पाळा: आधी झूम, मग फोकस. फोटोसाठीच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकस थोडा सरकतो. आणि फारच जवळ गेल्यावर फोकस लागत नसेल, तर रिंगेशी झगडू नका, एक पाऊल मागे या. प्रत्येक लेन्सला किमान अंतर असतं.