एक्स म्हणजे धन पूर्णांकच, हे कोणी सांगितलं? नंबर सिस्टिमचे प्रश्न सोडवताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अभ्यासिकेत बसून सीसॅटची (यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या गणित-तर्काच्या पेपरची) तयारी करणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांचं गणित चांगलं आहे त्यांच्यासाठी. नंबर सिस्टिममध्ये, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांच्या प्रश्नांत, फॉर्म्युला आला नाही म्हणून फार मार्क जात नाहीत भो, एक्स वाचला की डोक्यात आपोआप २, ३, ५ येतात त्याने जातात. यूपीएससीच्या सीसॅटला ८० प्रश्न, २०० मार्क, ३३ टक्के पाहिजेच आणि चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कट, म्हणून आत्मविश्वासाने चुकीचं मारण्यापेक्षा सोडलेलं परवडतं.

हा प्रश्न बघा, यात दिलेली विधानं, एकेकटी किंवा एकत्र, उत्तर नक्की ठरवायला पुरतात का एवढंच सांगायचं असतं. एक्स १ पेक्षा मोठा आहे का? विधान १: एक्सचा वर्ग एक्सपेक्षा मोठा आहे. विधान २: एक्सचा घन एक्सपेक्षा मोठा आहे.

२ टाकला, ३ टाकला, दोन्ही विधानं बसली, उत्तर हो, झालं असं वाटतं. आता -२ टाका. वर्ग ४, तो -२ पेक्षा मोठा, म्हणजे पहिलं विधान खरं पण एक्स १ पेक्षा मोठा नाही, पहिलं एकटं गेलं. मग -१/२ टाका, वर्ग १/४ आणि घन -१/८, दोन्ही -१/२ पेक्षा मोठेच, म्हणजे दोन्ही विधानं एकत्र घेतली तरी उत्तर ठरत नाही. आणि खरी गंमत पुढं आहे, याच प्रश्नात "एक्स पूर्णांक आहे" एवढंच लिहिलं असतं तर दुसरं विधान एकटं पुरलं असतं! एका शब्दाने पर्याय बदलतो, म्हणून आकडेमोडीआधी पूर्णांक, धन, शून्येतर, भिन्न यातला कोणता शब्द छापलाय तो अंडरलाइन करायचा, आणि जो छापला नाही तो धरायचा नाही.

रफ पेजवर कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा: -२, -१/२, ०, १/२, २, आणि १ पण. दोन वेगळी उत्तरं मिळाली की विधान अपुरं, तिथंच थांबायचं.

कधी कधी शब्द नसतो पण गोष्टच सांगते. रावेरच्या केळीचे घड किती विचारलं तर पूर्णांकच येणार, वजन विचारलं तर साडेअठरा किलो पण चालतं.

बाकीचे नेहमीचे खड्डे पटकन सांगतो. एक्सचा वर्ग ९ असेल तर एक्स -३ पण असू शकतो. एक्सचा वर्ग = ५ एक्स दिसलं की दोन्हीकडून एक्स उडवू नका, ० हे उत्तर हातचं जातं. असमानतेला एक्सने गुणायचं असेल तर आधी त्याचं चिन्ह माहीत पाहिजे. ० सम आहे, १ मूळ संख्या नाही, २ मूळ संख्या आहे आणि सम पण. ए आणि बी वेगळी अक्षरं आहेत म्हणून संख्या वेगळ्या असतीलच असं नाही. ४ ने आणि ६ ने भाग जातो म्हणजे २४ ने जाईलच असं नाही, १२ च घ्या ना. लसावि बघायचा, गुणाकार नाही.

मॉक (सराव पेपर) तपासताना नुसतं चूक-बरोबर करू नका. चुकलेल्या प्रश्नासमोर आपण न छापलेला कोणता शब्द धरला तो लिहा, आणि शेजारी बसणाऱ्या मित्राला तुमचं सोल्युशन वाचून दाखवा, त्याने प्रत्येक ओळीला एवढंच विचारायचं, हे प्रश्नात कुठं लिहिलंय?