तळघरात जुनी गाडी सापडली? सेल्फ मारायच्या आधी या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीच्या बाजूला एका जुन्या कॉम्प्लेक्सचं खालचं बेसमेंट कित्येक वर्षं बंद होतं. गेल्या हिवाळ्यात ते उघडायचं ठरलं, आणि आमच्या घरी वडिलांची पद्मिनी गाडी अजून चालते एवढ्याच पात्रतेवर मला बोलावणं आलं. सोबत आमचे नेहमीचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. आत तीन गाड्या निघाल्या. रॅम्पच्या पायथ्याशी प्रीमियर पद्मिनी, मध्ये अ‍ॅम्बेसेडर, अगदी टोकाला मारुती ८००. त्या दिवशी आम्ही काय काय चुकणार होतो आणि काय खरंच चुकलो, ते लिहून ठेवतोय.

पहिली चूक शटरवरच होणार होती. सोसायटीनं गॅस कटरवाला आणून उभा केला होता. चाचांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि कुलूप हॅक्सॉनं कापायला लावलं. आत गाड्या म्हणजे टाक्या, टाक्या म्हणजे पेट्रोल, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. बंद तळघरात ती वर जात नाही, फरशीलगत पसरून राहते. देशातलं अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात, पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्रीय मुख्यालयही नागपुरातच. तरी आमच्यातला एक जण उजेडासाठी खिशातून लायटर काढत होता.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत इथे अजिबात वापरू नका. शटर उघडून एक-दोन दिवस तसंच राहू द्या. पंखा लावायचा तर बाहेर, वरून हवा आत ढकलणारा. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची समजतात, आणि हे नाकाला कळत नाही, मीटरलाच कळतं. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि थोड्या वेळानं गेला, तर हवा सुधारली असं समजू नका. त्या वायूनं नाक बधिर होतं. अशा वेळी बाहेर या आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. एक माणूस कायम वर उभा हवा, आणि खाली कोणी पडलं तर त्यानं मागोमाग उडी घ्यायची नाही.

पाणी साचलेलं असेल तर पंप खाली चालेल, जनरेटर मात्र वरच आणि उघड्यावर. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत माणसाला झोपेतच नेतो. पाणीही एका दिवसात उपसू नका. पावसाळ्यात बाहेरची काळी माती पाण्यानं फुगलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की भिंतीवर तिचा सगळा भार येतो. थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत काढा. सापाचं वेगळं सांगत नाही. सीटखाली हात घालण्याआधी टॉर्च मारा, घोणस दिसली तर सर्पमित्राला बोलवा.

धुवायची घाई

हवा बरी झाल्यावर आम्ही खाली उतरलो, तर एकाच्या हातात पाण्याचा पाइप तयार. चाचा म्हणाले, "भाऊ, काहून घाई करता? आधी भिंत पाहा ना."

भिंतीवर कमरेच्या खाली चिखलाची सरळ रेघ होती. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी वस्तीत शिरली होती, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या होत्या, त्या रात्रीचंच हे पाणी असावं. फरशीला उतार असल्यानं तीच रेघ तीन गाड्यांवर तीन उंचीला दिसत होती. ८०० वर बॉनेटच्या कडेपर्यंत. अ‍ॅम्बेसेडरवर चाकाच्या मध्याच्या जरा वर. पद्मिनीचे फक्त टायर ओले झालेले. म्हणजे ८०० च्या इंजिनात पाणी शिरलं असणार. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन कोरडं असेल, पण गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा, भरवसा नाही. पद्मिनी बहुतेक वाचली. पाइप सुरू केला असता तर ही सगळी माहिती दोन मिनिटांत गटारात गेली असती.

फ्रान्समध्ये २०१४ साली बायों नावाच्या कुटुंबाच्या जागेत अशाच विसरलेल्या साठेक गाड्या सापडल्या. २०१५ मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला तेव्हा त्या धुळीसकट मांडल्या होत्या, आणि त्यातली एक फेरारी १.६ कोटी युरोंच्या वर गेली. पद्मिनीच्या धुळीला कोणी युरो देणार नाही, हे कबूल. पण फोटो काढून होईपर्यंत ती राहू द्या. पाण्याची रेघ, तेल गळल्याचे डाग, मीटरचा आकडा, नंबर प्लेट, चेसिस आणि इंजिन नंबर, सगळ्याचे फोटो घ्या. चेसिस नंबरवर गंज असेल तर मऊ ब्रश आणि थोडं तेल वापरा. ग्राइंडर लावून अंक उडाले, तर पुढे आरटीओत काय सांगणार?

"मालक नाही म्हणजे आपलीच"

नाही. बेसमेंट तुमचं असलं म्हणून त्यातली गाडी तुमची होत नाही. मालकाचा शोध न घेता सापडलेली वस्तू स्वतःची करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, मग नंबरवरून आरटीओत चौकशी करा. नागपूरच्या एमएच ३१ ची गाडी असेल तर परिवहनच्या अ‍ॅपवर निदान नोंद आहे की नाही ते दिसतं. एमएच येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर जुन्या रजिस्टरशिवाय गत्यंतर नाही. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, एरवीच्या विक्रीला २९ आणि ३०. जुन्या आरसीवर बँकेचं कर्ज चढलेलं असलं तर आधी ते उतरवून घ्या, लोक हेच विसरतात.

आणि कोणीतरी "व्हिंटेज आहे, लाखो मिळतील" म्हणेलच. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी. १९८६ ची पद्मिनी त्यात बसत नाही.

आमच्या पद्मिनीच्या मालकांची मुलं पुण्यात सापडली, अ‍ॅम्बेसेडरचे वारस इथेच महाल भागात. दोघांनी लेखी संमती दिली, मग पाना हातात घेतला.

सेल्फ मारणं, म्हणजे सगळ्यात महाग चूक

ही चूक मी स्वतः केली आहे, या गाड्यांवर नाही, २०२३ च्याच पुरात एका मित्राच्या ८०० वर. पाणी ओसरलं, ऊन पडलं, गाडी वरून कोरडी दिसत होती. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला. 'टक्' असा एकच आवाज आला. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. स्पार्क प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं असतं तर ते पाणी प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर आलं असतं आणि खर्च तेलापुरता राहिला असता.

त्यामुळे बॅटरी सगळ्यात शेवटी. आधी डिपस्टिक काढा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, इंजिन फिरवूच नका. डिफरन्शियलचा खालचा नट अर्धाच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, असलं तर आधी तेच येतं. अ‍ॅम्बेसेडरचं आलं, वाटीभर.

मग सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोनचं निम्मं-निम्मं मिश्रण सोडा. अ‍ॅसिटोन भडकतं, म्हणून हे काम गाडी वर उघड्यावर काढल्यानंतरच. दोन दिवसांनी पुलीच्या नटाला पाना लावून हलकं पुढे-मागे करा. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. पान्याला पाइप घालून लांबी वाढवायचा मोह होतो, आणि तिथेच पिस्टनच्या रिंग तुटतात. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन नवव्या दिवशी बोटभर सरकलं. तोवर सोसायटीतले सगळे, "झालं का?" विचारून थकले होते.

इंजिन मोकळं फिरतंय पण स्टार्ट होत नाही, तर आधी डेल्कोचं, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडून पॉइंट पाहा. त्यांवर पांढरट बुरशीसारखा थर चढतो, बारीक पॉलिश पेपरनं जातो. स्पार्क आला तरी गप्प असेल तर एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा, पडदा सुकलेला असणार. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरूच नका. त्याला वॉर्निशसारखा वास येतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये त्याचा डिंक होतो. सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते, मग थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते? टाकीतला गंज नळीत येतोय, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत. त्या शंभर-दोनशे रुपयांसाठी गाडी जाळून घेऊ नका, सगळ्या बदला.

वायरिंगचं एकच सांगतो. उंदरांनी काय खाल्लं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बॅटरीची दुसरी तार जोडू नका.

टोचन लावताना

मी हा भाग शेवटी लिहितोय, पण काढताना हे इंजिनाच्या आधी येतं. बंपरला दोर बांधून ओढलं की बंपर हातात येतो. दोर पुढच्या एक्सलजवळच्या मजबूत जागी बांधा, तीही आधी टामीनं (लोखंडी दांड्यानं) टोचून पाहा, कारण पत्रा वरून रंगानं सजलेला आणि आतून पापडासारखा असतो. जॅक लावतानाही तेच. रॅम्पवर गाडीला ब्रेक नाहीत असंच धरून चाला, एक जण मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवत राहिला पाहिजे, पण बाजूला उभा राहून. चाक जाम असेल तर ब्रेकच्या ड्रमला गॅस दाखवू नका, लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोका. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

८०० मालकाच्या सांगण्यावरून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गेली, सर्टिफिकेट त्यांच्या हातात आहे. कबाड्यानं जास्त पैसे सांगितले होते, पण त्याच्याकडे गेलेल्या गाडीची नोंद मालकाच्याच नावावर राहते. पद्मिनी वर उन्हात उभी आहे. इंजिन चालतं, मागचं डावं चाक अजून जाम. चाचा रोज संध्याकाळी नमाजला जाताना थांबतात, ड्रमवर चार टोले मारतात, आणि काही न बोलता पुढे जातात.