कॉलेज बघून मन खट्टू झालंय? ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

कोकणात कॉलेजं बघायचा मोसम आणि मुसळधार पावसाचा मोसम एकच. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, सीईटी या प्रवेश परीक्षेचा जूनमध्ये, आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू होईपर्यंत आषाढ ऐन भरात आलेला असतो. त्यामुळे रत्नागिरी असो, दापोली असो की लोणेरे, आपण ते आवार पहिल्यांदा बघतो ते छत्री सावरत, भिजलेल्या चपलांनी, बऱ्याचदा लाईट गेलेली असताना. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसते. "बाबा, मला नको तिथे." "अगं, रजा टाकून इतक्या लांब आलो ते काय उगीच?" पुढचं सगळं मग रागात ठरतं.

दरवर्षी वाडीतल्या दोन-चार मुलांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, भरायला मी बसतो. चुका ठरलेल्या असतात.

पावसाचे दोष कॉलेजच्या नावावर टाकणं

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जांभ्याच्या भिंतीवर शेवाळ धरणारच, रंग काळवंडणारच, व्हरांड्याला निळी ताडपत्री लागणारच. आपल्या स्वतःच्या घराची जुलैत काय अवस्था असते ते आठवा. मे महिन्यात गेलात तर वेगळीच निराशा: परीक्षा संपलेल्या, वर्गांना कुलपं, मैदानात गुरं. गणपतीत गेलात तर शिपाईमामांशिवाय कुणी भेटायचं नाही, आणि त्यांचंही लक्ष घराकडे.

म्हणून घरी आल्यावर आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या दिवसामुळे वाईट दिसलेलं लिहा, उजवीकडे बारा महिने तसंच असणारं. लाईट नव्हती, डावीकडे. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर लॅब पूर्ण बंद पडते आणि जनरेटर 'आहे, पण चालू करत नाहीत', हे उजवीकडे. जिन्यात गळतंय, डावीकडे. लेथ मशीनवर प्लास्टिक टाकून ठेवलंय आणि त्या प्लास्टिकवरच धुळीचा थर आहे, हे उजवीकडे. क्लार्क तिरसट बोलला, हे खरं तर कुठेच लिहू नका. प्रवेशाच्या दिवसांत त्याच्या टेबलासमोर सकाळपासून रांग असते.

डावी बाजू भरली आणि उजवी रिकामी राहिली तर कॉलेज बाद करायचं कारणच उरत नाही. पण बहुतेकांची उजवी बाजू रिकामी राहते, कारण त्या बाजूच्या गोष्टी त्यांनी बघितलेल्याच नसतात.

गेट, बाग आणि ऑडिटोरियम बघून परत येणं

बाजारात बांगडा घेताना आपण टोपलीचा रंग बघत नाही, कल्ला उचलून बघतो. कॉलेजातही उचलून बघण्यासारख्या जागा आहेत, आणि त्यातली सगळ्यात बोलकी जागा म्हणजे विभागाबाहेरचा नोटीस बोर्ड.

तिथे मागच्या सत्राचं वेळापत्रक बहुधा अजून लावलेलं असतं. प्रत्येक तासाच्या चौकोनात शिकवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात. सोमवार ते शनिवार ती नुसती वाचत जा. एकच अक्षरं सगळीकडे दिसली, तीच व्यक्ती दोन-तीन वेगवेगळे विषय आणि वर प्रॅक्टिकलच्या बॅचाही घेत असली, तर तिथे माणसं कमी आहेत. चौकोनात नावाऐवजी नुसतं 'नवीन' किंवा 'व्हिजिटिंग' लिहिलेलं असेल तर तो विषय वर्षभर कुणाच्या भरवशावर चालला ते विचारा. वेबसाइटवर प्राध्यापकांची लांबलचक यादी असली तरी हा कागद वेगळं सांगू शकतो. फोटो काढून ठेवा, घरी निवांत मोजता येतं.

दुसरी जागा वर्कशॉप किंवा लॅब. मोठ्या यंत्राशेजारी वापराची वही लटकवलेली असते. शेवटची नोंद कधीची आहे? लेथखाली धातूचा कीस आणि तेलाचे डाग असले तर मुलांचा हात त्या यंत्राला लागतो. चकचकीत आणि कोरं यंत्र बघून खूश होऊ नका. लायब्ररीत पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचे तारखांचे शिक्के बघा, ते काम दोन मिनिटांचं.

शेतकी किंवा मत्स्यशास्त्राकडे जाणाऱ्यांनी इमारतीत वेळच घालवू नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची, रत्नागिरीजवळ शिरगावला त्याचं मत्स्य महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणं प्रक्षेत्रावर, रोपवाटिकेत, तळ्यांवर होतं. तिथे मुलं कामाला दिसतात का, ते बघा.

"कॉलेज कसं आहे?" असं विचारणं

याला उत्तर एकच येतं: "चांगलं आहे." सिनियर गाठायचा तर कॅन्टीनमध्ये किंवा चारनंतर एसटी स्टॉपवर, बरोबर कुणी सर नसताना. आणि प्रश्न नेमका हवा. मागच्या सेमिस्टरला कुठला विषय शिकवायला कुणी नव्हतं? प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून सही मिळते? एप्रिलमध्ये होस्टेलला पाणी किती वेळ येतं? हा शेवटचा प्रश्न पावसात भिजताना सुचत नाही, पण एवढा पाऊस पिऊनही उन्हाळ्यात कोकणातल्या कितीतरी गावांना टँकर लागतो.

प्लेसमेंटचा बोर्ड वाचताना सगळ्यात मोठ्या पॅकेजवर थांबू नका. तुमच्या शाखेतले किती जण पात्र होते आणि त्यातल्या कितींना नोकरी लागली, एवढंच विचारा.

नाव मोठं म्हणून सगळं खपवून घेणं

ही उलटी चूक. आपली मुलं मुंबई-पुण्याला जातात तेव्हा ती जास्त होते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा इतिहास १८८७ पासूनचा, पुण्याच्या सीओईपीचा १८५४ पासूनचा. इतक्या जुन्या संस्थेत जुने जिने आणि जुने दरवाजे दिसणारच, त्यावरून नाराज व्हायचं कारण नाही. पण ज्या कॉलेजचं फक्त नाव ऐकून आहात, तिथे पहिल्या वर्षाला होस्टेल मिळतं की बाहेर पेइंग गेस्ट म्हणून राहावं लागतं, हे विचारायला लाजायचं काय? वर्षाची फी जमते आणि महिन्याची खोली जमत नाही, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

कागद न वाचणं

मन खट्टू झालं असेल तर कागद वाचायची ही योग्य वेळ, कारण कागदाला शेवाळ येत नाही. नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी सबंध कॉलेजची असते आणि सहसा ५ वर्षांसाठी. गेटवर 'ए' रंगवलेला असेल तर तो कुठल्या सालचा ते बघा. एनबीए या मंडळाचं मानांकन शाखेनुसार मिळतं. म्हणजे मेकॅनिकलला असेल आणि तुम्ही घेताय त्या शाखेला नसेल, असं होऊ शकतं. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना मँडेटरी डिस्क्लोजर वेबसाइटवर टाकावं लागतं. त्यात शिक्षक, लॅब, जागा सगळं असतं. नोटीस बोर्डचा तो फोटो त्याच्याशेजारी ठेवून बघा. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आपल्या साइटवर जाहीर करतं, तेव्हा काउंटरवर सांगितलेला आकडा तिथल्याशी जुळतो का ते तपासा.

रागाने यादीतून नाव उडवणं

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. बघून आलेलं कॉलेज आवडलं नाही की मुलं ते ऑप्शन फॉर्ममधून काढूनच टाकतात, आणि यादीत उरतात ती आपल्या पर्सेंटाइलला न मिळणारी सहा-सात नावं. मग पहिल्या फेरीत काहीच लागत नाही आणि घरात हलकल्लोळ.

कॅपमध्ये मेरिटप्रमाणे तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली बघितली जाते, आणि मोकळी असलेली पहिली जागा तुम्हाला मिळते. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हुकत नाही. त्यामुळे न आवडलेलं कॉलेज खाली सरकवा, पण घरी बसण्यापेक्षा तिथे जाणं बरं वाटत असेल तर यादीत राहू द्या. 'काहीही झालं तरी नाही' असंच असेल तरच काढा, कारण यादीत असलेलं मिळू शकतं.

वरच्या टोकाला मात्र याहून जास्त सावध राहावं लागतं. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. नंतरच्या फेऱ्यांत वरच्या किती पसंतींना हा नियम लागतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका बदलत असते, तेव्हा मोठ्या भावाच्या वेळचं ऐकू नका. म्हणून वरची दोन-तीन कॉलेजं फॉर्म भरण्याआधी डोळ्यांनी बघायची. खालची नंतर बघितली तरी चालतील.

जागा स्वीकारली पण फ्रीझ केली नाही, तर पुढच्या फेरीत यादीतलं वरचं काही लागताच आधीची जागा जाते आणि ती परत मागता येत नाही. "दोन्ही हातात ठेवू, मग बघू" हे इथे चालत नाही.

रुसून मॅनेजमेंट कोट्यात जाणं

सरकारी यादीतलं कॉलेज कळकट दिसलं, शेजारच्या तालुक्यातलं काचेचं छान दिसलं, आणि बाबांनी मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेसाठी, पैसे भरले. यात जातं काय, हे आधी समजून घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी फी-सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच मिळतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कोट्यातून गेलेल्या मुलीला ते नाही. चार वर्षांचा हिशोब कॉलेजच्या काचांकडे बघून करू नये.

"आत्ता घेऊ, दुसऱ्या वर्षी बदलू" हाही असाच बेत. बदली रिकाम्या जागेवर आणि नियमांत बसली तरच होते. धरून चालू नका.

गाडी करून जाणं

मुलगा रोज एसटीने जाणार असेल तर कॉलेज बघायलाही एसटीनेच जा. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण प्रॅक्टिकल पाचला सुटलं आणि शेवटची गाडी पावणेपाचला असली तर पास काय कामाचा? कोकण रेल्वेवर अवलंबून असाल तर पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, हेही तपासा. स्टेशन ते कॉलेज अंतर वेगळं, रिक्षाचा खर्च वेगळा.

पैसे भरून झाल्यावर हातपाय गाळणं

प्रवेश घेतल्यावर कॉलेज बघितलं आणि पस्तावलात, तरी सगळं गेलं असं नाही. कॅपमधली जागा रद्द करायची मुदत आणि रीत माहितीपुस्तिकेत दिलेली असते, तीच पाळा. बाकी अभ्यासक्रमांसाठी युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची टप्पेवारी आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी सोडलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत ५० टक्के आणि पुढे काही नाही. मूळ कागदपत्रं तपासून परत करावीत, अडवून ठेवू नयेत, असंही त्याच सूचनेत आहे. होस्टेल आणि मेसच्या पैशांचे नियम वेगळे असतात, ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले असू शकतात.

रद्द करायचं ते फोनवर सांगू नका. लेखी अर्ज द्या, आणि तारखेचा व आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.