व्हेटर्नरीला जायचंय? आधी हे बघा

बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलेल्या बऱ्याच मुलांना वाटतं की एमबीबीएस नाही मिळालं तर व्हेटर्नरी, म्हणजे प्राण्यांचं डॉक्टर होणं बघू, पण प्लीज असं करू नका, कारण हे काम मनापासून आवडल्याशिवाय जमत नाही.

नीट यूजी ही प्रवेश परीक्षा द्यायचीच आहे, आणि राज्याच्या कोट्यासाठी माफसू म्हणजे नागपूरच्या पशुविद्यापीठाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो विसरू नका! परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज १८८६ चं आहे, तेही माफसूकडेच येतं. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप.

फॉर्म भरायच्या आधी एखाद्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या क्लिनिकमध्ये काही दिवस नुसतं उभं राहा. घाबरलेलं कुत्रं टेबलावर थरथरतंय, मालक रडतोय, आणि डॉक्टर एका हाताने त्याला धरून शांतपणे शीर शोधतायत, हे बघून तुम्हाला जवळ जावंसं वाटतं का ते बघा. आणि फक्त कुत्र्या-मांजरांवर थांबू नका हं, आरेच्या तबेल्यातही जाऊन या, कारण अभ्यासात गाय-म्हैस-कोंबडी सगळं येतं, खांद्यापर्यंत ग्लोव्ह घालून गायीचा गाभ तपासायला लागतो. शेणाच्या वासाने मळमळत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

घरचे विचारतील पुढे काय, तर प्रॅक्टिस आहेच, शिवाय एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, आर्मीत प्राण्यांची काळजी घेणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. आणि प्राण्यांमध्ये काम सुरू करण्याआधी तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घेऊन ठेवा.